मायनर चालता चालता बंद पडतो: वाचकांचे प्रश्न, वीजतंत्री बाईंची उत्तरं

घरातल्या विजेबद्दलच्या या सदराकडे अलीकडे एकाच जातीचे प्रश्न वारंवार येताहेत, मायनरबद्दलचे. मायनर म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी मिळवायला रात्रंदिवस गणितं करत राहणारं मशीन. कुणी वापरलेला अँटमायनर (बिटकॉइनसाठीचं तयार मशीन) घेतलाय, कुणाकडे इथेरियम या दुसऱ्या नाण्याच्या दिवसांतली, ग्राफिक कार्डं एकत्र जोडून केलेली रिग आहे, आणि तक्रार सगळ्यांची एकच: मशीन चालता चालता बंद पडतं. पत्रात मॉडेल, फर्मवेअर, पूल, सगळं असतं. मशीन ज्या सॉकेटला लावलंय त्याबद्दल मात्र बहुतेक पत्रांत एक ओळही नसते. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला देते आहे.

आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलांना मी सुरुवातीलाच सांगायचे, की मीटरपासून निघा, लोडपर्यंत जा आणि मधला एकही जोड न पाहता सोडू नका. मायनरला हे जास्तच लागू पडतं. घरातलं वायरिंग करताना इस्त्री, मिक्सर, गिझर अशा थोडा वेळ चालणाऱ्या वस्तू डोळ्यांसमोर असतात. मायनर इस्त्रीइतकी किंवा तिच्याहून जास्त वीज घेतो आणि ती रात्रंदिवस घेतो. जो सैल स्क्रू इस्त्रीला वर्षानुवर्षं खपून जातो, तो मायनरखाली थोड्याच दिवसांत काळा पडतो.

प्रश्न: मॅडम, माझ्याकडे जुना अँटमायनर एस९ आहे, एपीडब्ल्यू३ पॉवर सप्लायसह. सुरू केला की अर्धा-पाऊण तास छान चालतो, मग एकदम सगळं बंद. थोड्या वेळाने प्लग काढून लावला की पुन्हा चालू होतो. पॉवर सप्लाय गेला असं समजून दुसरा मागवला, तरी तेच. मीटरने पाहिलं तर मशीन बंद असताना सॉकेटवर २२६ व्होल्ट आणि चालू असताना १९७. मशीन माळ्यावरच्या खोलीत आहे, वर पत्रा आहे.
— एक वाचक, जळगाव

उत्तर: दुसरा पॉवर सप्लाय मागवण्याआधी हे दोन आकडे कळवले असते तर तुमचे पैसे वाचले असते. निदान त्या आकड्यांतच आहे.

आपल्याकडचा घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, त्यात दहा टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे २०७ च्या खाली जायला नको. तुमचं व्होल्टेज लोड नसताना ठीक आहे आणि लोड आला की २९ व्होल्टने बसतं. एस९ भिंतीतून साधारण १३२० वॉट घेतो. २३० व्होल्टवर हे पावणेसहा अँपिअर होतात. पण असा पॉवर सप्लाय व्होल्टेज उतरलं म्हणून कमी वीज घेत नाही, तेवढेच वॉट काढायला जास्त करंट ओढतो. १९७ व्होल्टवर तो पावणेसातच्या घरात गेला. आता २९ व्होल्टला पावणेसात अँपिअरने गुणा. जवळजवळ १९५ वॉट तुमच्या मशीनपर्यंत पोचतच नाहीत, ते वाटेत कुठेतरी उष्णता बनून जाताहेत. ती जागा शोधायची आहे, आणि आजच शोधायची आहे, कारण आग तिथूनच लागते.

मशीन चालू असताना एक माप मेन स्विचजवळ घ्या (ते वायरमनलाच घेऊ द्या) आणि लगेच दुसरं सॉकेटवर. मेनवरही व्होल्टेज तितकंच बसत असेल, तर दोष खांबापासून मीटरपर्यंतच्या भागात आहे. वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि हे आकडे तक्रारीत घाला. मेनवर २२० च्या वर आणि सॉकेटवर १९७ असेल, तर गडबड घरातच आहे. माझा अंदाज घरातलाच आहे, आणि त्यातही पहिला संशय सॉकेट आणि केबलवर.

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर अशीच एक केबल आली होती. एका टोकाला ६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरच्या मागे बसतं ते सॉकेट. वरून काळी कुळकुळीत, नवी दिसणारी. टॉप उघडला तर फेजच्या पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक विटकरी झालेलं, पितळी स्क्रूचं डोकं निळसर पडलेलं. स्क्रूखाली तारेचे निम्मेच धागे होते, उरलेले सोलताना कापले गेलेले. दुसऱ्या टोकाच्या तीन भोकांपैकी एकाची कड वितळून आत ओघळली होती आणि नाकाजवळ नेलं की सुक्या मासळीसारखा उग्र वास. हा वास ध्यानात ठेवा. स्विचबोर्डाचं प्लॅस्टिक तापलं की असाच वास येतो, आणि धूर दिसायच्या कितीतरी आधी येतो.

कॉम्प्युटरसोबत मिळणारी केबल बहुधा पाऊण चौरस मिलिमीटरची असते. मॉनिटरला ती पुष्कळ झाली, एस९ ला नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, १६ अँपिअरचा टॉप आणि १६ अँपिअरचं सॉकेट घ्या. त्या सॉकेटपर्यंत डीबीपासून (घरभरच्या वायरी जिथून फुटतात ती एमसीबींची पेटी) थेट, मध्ये कुठेही जोड नसलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नको, मल्टिप्लग तर मुळीच नको. काम झाल्यावर मशीन तासभर चालवा, मग प्लग काढून पिनांना हात लावून पाहा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर काम झालेलं नाही.

आता पत्र्याबद्दल. एस९ साठी भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत चालते, असं बनवणारी कंपनीच सांगते. जळगावच्या मे महिन्यात सावलीत पारा त्याच्या वर जातो, पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हीच सांगू शकता. शिवाय मशीन १३०० वॉट उष्णता त्याच खोलीत सोडतं आणि तीच गरम हवा पुन्हा आत ओढतं. पॉवर सप्लाय तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो आणि थंड झाला की चालू होतो. तुमच्या मशीनचं वागणं नेमकं हेच आहे. कमी व्होल्टेजमुळे त्याला जास्त करंट ओढावा लागतो, म्हणून तो आणखी तापतो. केबल बदलून अर्धा प्रश्न सुटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी मशीन खाली आणा आणि गरम हवा खिडकीतून बाहेर जाईल अशी सोय करा. उन्हाळ्यात दुपारी बंद ठेवा.

पुढे कधी पुन्हा बंद पडला, तर नक्की काय बंद पडलं हे आधी पाहा. पॉवर सप्लायचा स्वतःचा पंखाही थांबला असेल तर दोष विजेच्या बाजूला किंवा सप्लायमध्ये. सप्लायचा पंखा फिरतोय पण मशीन निपचित, तर कंट्रोल बोर्डाला जाणारी सहा पिनांची वायर पाहा. दोन्हीकडचे पंखे फिरताहेत, लाल दिवा लागलाय आणि हॅशरेट (गणितं करण्याचा वेग) नाही, तर पंखा किंवा हॅशबोर्ड (गणितं करणाऱ्या चिपांची पाटी) तपासायचा. त्यात वायरिंगचा संबंध नसेलच असं नाही: तिन्ही हॅशबोर्डांना प्रत्येकी तीन कनेक्टर लागतात, आणि त्यातला एक जरी नीट बसला नसेल तरी उरलेले दोन त्याचा भार उचलून तापतात.

प्रश्न: आमच्याकडे लाइट क्षणभर जाते आणि लगेच येते, असं दिवसातून कितीदा तरी होतं. आली की माझ्या दोन एस९ चा एमसीबी पडतो. लगेच वर केला तर पुन्हा पडतो, पाच-दहा मिनिटांनी केला तर राहतो. एमसीबीवर ‘बी१६’ लिहिलंय. वायरमन म्हणतो ३२ चा टाकून देतो, कटकट मिटेल. आणखी एक, घरात ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे, त्यावर मशीन चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: ३२ चा टाकू देऊ नका. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, मशीनला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. वायर अडीचची आणि एमसीबी ३२ चा, म्हणजे एमसीबी पडायच्या आधी वायर जळणार. कटकट मिटेल हे खरं, पण सोबत घरही जाईल.

तुमच्याकडे काय होतंय ते सांगते. पॉवर सप्लायच्या आत मोठे कपॅसिटर असतात. प्लग लावला त्या क्षणी ते रिकामे असतात आणि भरून घ्यायला प्रचंड करंट ओढतात, अगदी क्षणभर. हा झटका आवरायला अनेक सप्लायमध्ये थर्मिस्टर बसवलेला असतो. तो थंड असला की वाट अडवतो, गरम झाला की सोडून देतो. चालू मशीनमध्ये तो गरमच असतो. लाइट क्षणभर गेली, कपॅसिटर उतरले, थर्मिस्टर मात्र थंड व्हायला वेळ मिळाला नाही, आणि लाइट आली. मग झटका पूर्णच्या पूर्ण बसतो, तोही दोन मशीनचा एकदम. पाच-दहा मिनिटं थांबल्यावर एमसीबी राहतो, हीच त्याची खूण.

‘बी’ प्रकारचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या तिप्पट ते पाचपट करंटला तत्काळ पडतो, म्हणजे तुमचा ४८ ते ८० अँपिअरच्या दरम्यान. ‘सी’ प्रकारचा पाचपट ते दहापटीला पडतो. वायर अडीचची तांब्याची आहे याची खात्री करून सी१६ बसवून घ्या. वायरचं रक्षण तितकंच राहतं, फक्त क्षणाचा झटका सहन होतो. आणि मशीन लाइट आल्या आल्या सुरूच होऊ नये अशी व्यवस्था करा. एसीच्या चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटं थांबून पुरवठा सोडायची सोय असते. दोन एस९ साठी ४ केव्हीएचा लागेल. वायरमन हुशार असेल तर ऑन-डिले टायमर आणि कॉन्टॅक्टर बसवून देईल, त्यात एक मशीन तीन मिनिटांनी आणि दुसरं चार मिनिटांनी सुरू करता येतं. मला ही पद्धत जास्त आवडते.

रात्रभर थंड पडलेलं मशीन लावलं तरी एमसीबी पडत असेल, तर गोष्ट वेगळी. मग सप्लायच्या सगळ्या सहा-पिनी वायरी मायनरमधून काढा आणि नुसता सप्लाय लावून पाहा. तरी पडला तर सप्लाय आतून शॉर्ट आहे. तो उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो.

इचलकरंजी म्हणून आणखी एक सांगते. आजूबाजूला लूमच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे मंदावतात, ते तुम्हाला सवयीचं असेल. पण घरात थ्री-फेज असेल आणि एका खोलीतला दिवा मंद, दुसऱ्या खोलीतला नेहमीपेक्षा प्रखर दिसला, तर तो न्यूट्रल सुटल्याचा इशारा आहे. तेव्हा एखाद्या फेजवर ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. धावत जाऊन मेन बंद करा, बाकी सगळं नंतर.

इन्व्हर्टरचं उत्तर: नाही. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर एका एस९ च्या निम्म्या भाराजवळच दमतो. त्यावर राउटर ठेवा, तेवढं पुरे.

प्रश्न: सहा आरएक्स ५८० कार्डांची रिग आहे, दोन पॉवर सप्लाय. इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यापासून रेव्हनकॉइन काढतो. आधी एखादं कार्ड गायब व्हायचं, आता पूर्ण रिग रीबूट होते. काल एका रायझरजवळ जळका वास आला. नुसता सप्लाय तपासला तर १२.१ व्होल्ट दाखवतो, म्हणजे तो चांगला आहे ना?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: हे वाचेपर्यंत रिग चालू असेल तर आधी बंद करा.

रायझरला, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या छोट्या पाटीला, वीज कुठून देता ते लिहिलं नाहीत, पण वासावरून सांगते, साटा कनेक्टरमधून. रायझरसोबत सहा पिनांचं साटा अडॅप्टर फुकट मिळतं आणि मुलं ते लावून मोकळी होतात. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या पिना मिळून साडेचार अँपिअर झेपतात, म्हणजे ५४ वॉट. ग्राफिक कार्ड स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. हार्ड डिस्कसाठी बनवलेला तो चपटा काळा कनेक्टर मग आतून मऊ होतो, पिना एकमेकींकडे झुकतात आणि शेवटी १२ व्होल्टची पिन शेजारच्या ग्राउंडला टेकते. एका वायरीवर दोन-दोन, तीन-तीन रायझर ओवले असतील तर विचारायलाच नको. सगळी साटा अडॅप्टर फेकून द्या. सप्लायमधून थेट निघणारी सहा पिनांची पीसीआय-ई वायर रायझरला द्या.

दोन सप्लाय असताना एक नियम पाळा: ज्या सप्लायवर कार्ड, त्याच सप्लायवर त्या कार्डाचा रायझर. कार्ड एकावर आणि रायझर दुसऱ्यावर असेल तर दोन सप्लाय त्या कार्डातून एकमेकांशी झुंजतात. एस९ चं तसंच, एका हॅशबोर्डला दोन सप्लायच्या वायरी कधीच जोडू नयेत. आणि मॉड्युलर सप्लायच्या (ज्याच्या वायरी काढता-घालता येतात अशा) वायरी एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावू नका. टोक बसतं म्हणून आतला क्रम तोच असतो असं नाही. एका वायरीत सहा कार्डं गेलेली मी पाहिली आहेत.

आता १२.१ व्होल्ट. लोड नसताना घेतलेल्या मापाला मी काही किंमत देत नाही. म्हातारा झालेला सप्लाय रिकामा असताना तरुणासारखं व्होल्टेज दाखवतो. मी बेंचवर गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे बल्ब लावते, एक, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाला साडेचार-पाच अँपिअर लागतात. मीटरची टोकं कनेक्टरवरच ठेवायची आणि आकडा पाहत राहायचं. ११.४ ते १२.६ च्या आत राहिला तर ठीक. एकेका बल्बागणिक घसरत ११ च्या खाली आला, तर कपॅसिटर गेले. बल्ब भाजण्याइतके तापतात, त्यामुळे खाली फरशी ठेवा, टेबलावरचा कागद नको. हा खटाटोप जमणार नसेल तर एकेका सप्लायवर दोनच कार्डं ठेवून रिग चालवून पाहा. रीबूट थांबलं तर सप्लाय थकलाय.

प्रश्न: ताई, इथे हिवाळ्यात बेसमेंट गरम ठेवायला जुना एस९ लावायचा विचार केला. भारतात भावाकडे हाच मायनर उत्तम चालत होता. इथे नेहमीच्या सॉकेटला लावला की पंखे फिरतात, मिनिटभरात बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. ट्रान्सफॉर्मर घेऊ का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: मशीन बहुधा धडधाकट आहे. एपीडब्ल्यू३++ सप्लाय २२० व्होल्टवर १६०० वॉट देतो, पण ११० च्या आसपास १२०० वॉटच. एस९ ला त्याहून जास्त लागतात, म्हणून तिन्ही बोर्ड पूर्ण वेगाला आले की सप्लाय हात टेकतो.

ट्रान्सफॉर्मर नको. तुमच्या घराच्या पॅनलमध्ये २४० व्होल्ट आधीच आहेत, कपडे वाळवायचं मशीन आणि इलेक्ट्रिक शेगडी त्यावरच चालते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून २४० व्होल्ट, २० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट घाला, टाउनशिपची परवानगी काढून. ड्रायरच्या ३० अँपिअरच्या सॉकेटला अडॅप्टर लावून काम भागवतात तसं करू नका, मशीनच्या बारीक केबलचं रक्षण ३० चा ब्रेकर करू शकत नाही.

नवं सर्किट घालायचं नसेल, तर तीनपैकी एका हॅशबोर्डच्या वायरी आणि डेटा केबल काढून ठेवा. दोन बोर्डांवर मशीन ९०० वॉटच्या आसपास राहील, १२० व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर. १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा लोड १२ च्या वर नेऊ नये हा तिथला नियम, त्यात हे बसतं. बेसमेंटच्या सॉकेटवर जीएफसीआय (आपल्या आरसीसीबीसारखा, करंट अर्थकडे गळला की पडणारा स्विच) असेल आणि तो पडत असेल, तर खालचं गोव्याचं उत्तर वाचा. तुमचा तर ४ ते ६ मिलिअँपिअरलाच पडतो.

उष्णतेचं म्हणाल तर १३२० वॉटचा हीटर जेवढी ऊब देईल तेवढीच हा देतो. फक्त आवाज फार, वर झोपायची खोली असेल तर विचार करा.

प्रश्न: पावसाळा सुरू झाला की घरातला आरसीसीबी पडायला लागतो, मायनर काढले की राहतो. तीन मशीन आहेत. इलेक्ट्रिशियनने आरसीसीबी बायपास करायचं सुचवलं.
— एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर: त्या इलेक्ट्रिशियनला पुन्हा घरात घेऊ नका. करंट अर्थकडे गळला की पुरवठा तोडून माणसाला वाचवतो तो आरसीसीबी.

प्रत्येक पॉवर सप्लाय नॉइज गाळायला थोडा करंट अर्थमध्ये सोडतो. एकट्याचा किरकोळ असतो. तीन मायनर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांची बेरीज एकाच आरसीसीबीवर येते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. वर्षभर तुम्ही काठावर असता आणि पावसाळ्यातली ओल काठ ओलांडायला लावते. सगळे प्लग काढा, एकेक लावत जा आणि कुठल्या मशीनला पडतो ते पाहा. एकट्यानेच पाडत असेल तर त्याचा सप्लाय ओला किंवा खराब आहे. कुठलंच एकटं पाडत नसेल, तर मायनरसाठी वेगळा आरसीसीबी बसवा. खाऱ्या हवेत आठवडाभर बंद राहिलेला मायनर थेट सुरू करू नका, आधी कोरड्या हवेत ठेवून बोर्डावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरली आहे का बघा.

प्रश्न: एस९ चा सप्लाय जळाला. दुरुस्तीला पैसे घालू की नवा घेऊ? घरचं बिल बाबा भरतात.
— एक वाचक, अमरावती

उत्तर: दोन्ही नको. आणि बाबांना हा हिशेब दाखवा. एस९ दिवसाला जवळजवळ ३२ युनिट खातो, वर्षाला साडेअकरा हजारांच्या वर. एप्रिल २०२४ मध्ये मायनरना मिळणारं बक्षीस दर ब्लॉकला (साधारण दहा मिनिटांनी बनणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्याला) ३.१२५ बिटकॉइनवर आलं, म्हणजे जगभरात मिळून दिवसाला साधारण ४५० नवे बिटकॉइन. २०२४ च्या अखेरीस जगभरच्या सगळ्या मशीनची मिळून ताकद ७०० एक्झाहॅशच्या वर होती (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश). तुमच्या मशीनची १३.५ टेराहॅश. त्या प्रमाणात एक बिटकॉइन जमायला तुम्हाला तीनशेहून जास्त वर्षं लागतील आणि ३६ लाख युनिट जळतील. युनिट दहा रुपयांनी धरलं तरी साडेतीन कोटींच्या वर. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन १ लाख डॉलरच्या पुढे गेला तेव्हाही तो रुपयांत कोटीच्या आतच होता.

वर कर आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के, आणि मायनिंगचा यंत्रसामग्रीचा खर्च खरेदी-किंमत म्हणून धरता येणार नाही, असं त्याच वर्षी सरकारने संसदेत सांगितलं. घरगुती जोडणीवर धंद्याचा लोड चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते, तीही बाबांच्याच नावावर. शिकायला म्हणून जुनं मशीन उघडून बघायचं असेल तर जरूर बघा, प्लग न लावता.

प्रश्न: ताई, मला यातलं काही कळत नाही. मुलाने झोपायच्या खोलीत असलं मशीन लावलंय. झाडताना त्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. तो म्हणतो, सगळ्या मशिनांना एवढा करंट असतोच. आमचं घर जुनं, भाड्याचं आहे.
— एक आई, सोलापूर

उत्तर: तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी वाचायला हवं होतं इतकं ते महत्त्वाचं आहे. मुलगा म्हणतो ते बरोबर नाही. अर्थिंग नीट असेल तर त्या पत्र्याला ओल्या हाताने शिवलं तरी काही जाणवता कामा नये.

वर गोव्याच्या उत्तरात लिहिलं, की प्रत्येक सप्लाय थोडा करंट अर्थमध्ये सोडतो. अर्थची वायरच नसेल तर त्या करंटला जायला वाट राहत नाही आणि पत्रा शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. तुम्ही हात लावता तेव्हा वाट तुम्ही होता. आज झिणझिण्या आहेत, कारण करंट अगदी थोडा आहे. उद्या आतला एखादा भाग शॉर्ट झाला तर पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील, आणि अर्थ नसल्यामुळे एमसीबीही पडणार नाही.

मशीनचा प्लग आत्ता काढा. नुसतं बटण बंद करून थांबू नका. जुन्या घरांत बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि बंद केल्यावरही मशीनमध्ये फेज राहतो. प्लग काढताना पायात चप्पल आणि हात कोरडे असू द्या, मशीनला शिवू नका. मग प्लग पाहा. वरची जाड पिन आहे का? की टू-पिनचा कन्व्हर्टर लावलाय? बऱ्याच वेळा दोष एवढाच निघतो.

पिन शाबूत असेल तर वायरमनला बोलवा आणि सॉकेटचं जाड भोक तपासायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट, जवळजवळ तेवढेच फेज आणि अर्थमध्ये यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही नको. भोकात वायरच नसेल, किंवा ती आतल्या आत न्यूट्रलला जोडलेली असेल, तर घरमालकाला सांगून वेगळं अर्थिंग करून घ्या आणि मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. घरमालक टाळाटाळ करू लागला तर हे उत्तर त्याच्या हातात द्या. मायनर राहो न राहो, तुमच्या फ्रिजला आणि गिझरलाही तेच अर्थिंग लागतं.

तोवर मशीन बंद. वायरमन येईल तेव्हा मुलाला समोर उभं करा; अर्थची हिरवी वायर कुठल्या स्क्रूखाली जाते ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं. आणि काम झाल्यावरही ते मशीन झोपायच्या खोलीतून बाहेर काढायला लावा.